मांडवा ते रत्नागिरी सायकलने: किनाऱ्याचा रस्ता चुकीच्या अंदाजाने आखू नये यासाठी

पावसाळा संपला की मुंबई-पुण्याचे अनेक सायकलस्वार कोकण किनाऱ्याचा बेत आखतात. नकाशावर समुद्राला लागून जाणारा रस्ता दिसतो, तो सपाट असेल असे धरले जाते, आणि दिवसाला ९० ते १०० किलोमीटरचा हिशेब मांडून माणसे निघतात. असा बेत बहुधा दुसऱ्याच दिवशी दुपारी मोडतो. हा रस्ता सपाट नाही. सह्याद्रीतून आलेल्या नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथे खाड्या आहेत, दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उंच सपाट माथे आहेत, आणि रस्ता खाडीच्या पाण्यापासून सड्यावर चढतो, नारळी-पोफळीच्या वाडीत उतरतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा चढू लागतो. म्हणून येथे दिवस किलोमीटरवर न आखता चढ आणि खाड्या मोजून आखावा लागतो. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. काळ आणि दिशा ठरवणे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत योग्य आहे. ऑक्टोबरमध्ये हिरवळ असते, परंतु उकाडा आणि हवेतील दमटपणा यांमुळे चढावर घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. मार्चमध्ये ऊन वाढते, शिवाय शिमग्याच्या दिवसांत गावोगावच्या पालख्या रस्त्यावर असतात. त्या वेळी जायचेच असेल तर पालखी दिसताच सायकलवरून उतरून बाजूला थांबावे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सरळ टाळावा, कारण अरुंद रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते आणि फेरीबोटीसाठीही मोठ्या रांगा असतात.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मंद वारा वाहतो आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीकडून मिळतो, तर उलट दिशेने येणाऱ्याला दिवसाच्या सर्वांत थकलेल्या वेळी तोंडावर घ्यावा लागतो.

इशारा: दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे दृश्य पाहण्यासाठी थांबायचे असल्यास रस्ता ओलांडावा लागतो. उताराच्या वळणावर असे कधीही करू नये. आधी डावीकडे पूर्ण थांबावे, मागे पाहावे आणि मग सायकल हातात धरून पलीकडे जावे.

२. दिवसांची आखणी

मुंबईहून येणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट घ्यावी. तेथून पुढे सहा दिवस धरावेत. पहिला दिवस मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. दुसरा दिवस मुरूड, आगरदांडा, खाडी ओलांडून दिघी, दिवेआगर आणि शेखाडीमार्गे श्रीवर्धन. तिसरा दिवस हरिहरेश्वर, बागमांडला, खाडीपलीकडे वेश्वी, मग केळशी आणि आंजर्ले. चौथा दिवस हर्णै, कर्दे, लाडघर, बुरोंडी, दाभोळ, खाडीपलीकडे धोपावे आणि गुहागर. पाचवा दिवस वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, खाडीपलीकडे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सहाव्या दिवशी आरे-वारेमार्गे रत्नागिरी. शेवटचा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे. त्याचे कारण नवव्या पायरीत येईल. पहिल्या पाच दिवसांचे अंतर साधारण ६० ते ७० किलोमीटरच्या आसपास राहते, आणि सामानासह जाणाऱ्यासाठी ते पुरेसे आहे.

वेळेचा अंदाज असा काढावा. सपाटीचा वेग ताशी १८ किलोमीटर धरावा आणि प्रत्येक १०० मीटर चढाईसाठी ६ मिनिटे वाढवावीत. ६५ किलोमीटर आणि एकूण १,००० मीटर चढाईच्या दिवसाला सायकलवरचे सुमारे साडेचार तास होतात. त्यात फेरीबोटीसाठी एक तास आणि न्याहारी, पंक्चर, पाणी भरणे यांसाठी आणखी एक तास मिळवावा. सकाळी साडेसहाला निघाल्यास दुपारी एकपर्यंत मुक्कामी पोहोचता येते. हा हिशेब दुपारी तीनच्या पुढे जात असेल तर वेग वाढवण्याचा विचार न करता अंतर कमी करावे.

एकूण चढाईचा आकडा मार्ग आखण्याच्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळतो. मात्र अ‍ॅप अनेकदा फेरीबोट टाळून आतल्या रस्त्याने मार्ग दाखवते, किंवा जेट्टीच्या जवळची पायवाट रस्ता म्हणून धरते. म्हणून संपूर्ण मार्ग एकदम न काढता प्रत्येक खाडीपाशी तोडून काढावा: जेट्टीपर्यंत एक तुकडा आणि पलीकडच्या जेट्टीपासून दुसरा.

तपासणी: प्रत्येक दिवसासाठी चार गोष्टी कागदावर लिहिलेल्या असाव्यात. अंतर, एकूण चढाई, त्या दिवशीची जेट्टी आणि जेट्टीवर पोहोचण्याची वेळ. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, कारण सड्यांच्या पलीकडील वळणांत नेटवर्क जाते.

३. सायकल तयार करणे

हे काम निघण्याच्या आदल्या रात्री न करता किमान दोन आठवडे आधी सुरू करावे, म्हणजे बदललेले भाग सरावात तपासले जातात.

गिअर: सर्वाधिक चुका येथेच होतात. शहरातील सपाट रस्त्यांवर चालणारी शर्यतीची सायकल जशीच्या तशी आणली जाते आणि तिच्या मागच्या चाकाची सर्वांत मोठी चकती २५ दात्यांची असते. पुढे ३४ आणि मागे २५ दाते असताना पेडल मिनिटाला ६० वेळा फिरवायचे असेल तर वेग ताशी १० किलोमीटर ठेवावा लागतो. खाडीतून सड्यावर जाणाऱ्या खड्या चढावर, सामानासह, सामान्य सायकलस्वाराला हा वेग टिकवता येत नाही. मग पेडल जड होते, जोर गुडघ्यांवर येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी दुखू लागते. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर तोच फिरण्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटरला मिळतो. त्यामुळे ११-३२ किंवा शक्य असल्यास ११-३४ ची कॅसेट, म्हणजे सर्वांत लहान चकती ११ आणि सर्वांत मोठी ३२ किंवा ३४ दात्यांची असलेला मागच्या चकत्यांचा संच, बसवून घ्यावी. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चकती पेलतो का, हे दुकानदाराला आधी विचारावे. अनेकदा लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि नवी, अधिक कड्यांची चेनही लागते. साधी हायब्रिड सायकल या मार्गावर उत्तम चालते, कारण तिचे गिअर बहुधा आधीच हलके असतात.

टायर: २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत. हवा ठासून भरणे ही दुसरी जुनी सवय आहे. सायकलस्वार आणि सामान मिळून ८० ते ८५ किलो वजन असेल तर ३२ मिलिमीटरच्या टायरला ५५ ते ६५ पीएसआय, आणि २८ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ८० पीएसआय पुरतात. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी अधिक हवा ठेवावी. दगडासारखा टणक टायर खडबडीत डांबरावर उसळतो, हात बधिर करतो आणि वळणावरची पकड घालवतो.

इशारा: रिम हुकलेस प्रकारची, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेली, असल्यास सर्वसाधारण मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय आहे. टायर आणि रिम यांवर छापलेल्या आकड्यांपैकी जो कमी असेल तो पाळावा.

ब्रेक: रिम ब्रेकचे पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर बदलावेत. डिस्क ब्रेक असल्यास पॅडचा सुटा जोड सोबत ठेवावा, कारण वाटेतल्या गावांत त्याच मापाचा पॅड मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

सामान: पाठीवर पिशवी घेऊ नये. तिच्यामुळे पाठीचा घाम वाळत नाही आणि सर्व भार सीटवर येतो. कॅरिअरवरील दोन बाजूच्या पिशव्या किंवा सीटमागची मोठी पिशवी वापरावी आणि वजन ६ किलोच्या आत ठेवावे. दुरुस्तीसाठी दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, मल्टिटूल, आपल्या चेनला बसणारी मास्टर लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), आपल्याच सायकलच्या मापाचा डिरेलर हँगर (डिरेलर चौकटीला जोडणारा धातूचा तुकडा) आणि पाच-सहा प्लास्टिकच्या बांधपट्ट्या एवढे पुरते. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रकारचा असल्यास पितळी अ‍ॅडॉप्टरही घ्यावा, कारण गावातील पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतो.

तपासणी: सर्व सामान लादून लागोपाठ दोन दिवस प्रत्येकी ५० किलोमीटर चालवून पाहावे. पहिल्या दिवसावरून फारसे काही कळत नाही. सीटची उंची, हाताचा बधिरपणा, पिशवीचे घासणे या तक्रारी दुसऱ्या सकाळी दिसतात.

४. पाणी आणि खाणे

ताशी ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी घोटाघोटाने प्यावे आणि त्यासोबत मीठही पोटात जाईल असे पाहावे. नुसते पाणीच भरपूर पिणे धोक्याचे आहे, कारण घामावाटे गेलेले सोडियम भरून निघत नाही. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे; अर्धे पाकीट बाटलीत अंदाजाने टाकू नये. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम चांगले असते, पण सोडियम कमी असते, म्हणून त्यासोबत काहीतरी खारट खावे. मीठ घातलेले कोकम सरबत या वाटेवर सहज मिळते आणि ते उत्तम काम करते.

न्याहारीला पोहे, घावन किंवा आंबोळी चालते. त्यानंतर दर तासाला एक-दोन केळी, खजूर किंवा शेंगदाण्याची चिक्की असे थोडे थोडे खावे. माशांचे ताट मुक्कामी पोहोचल्यावर घ्यावे. भरल्या पोटी दाभोळ किंवा तवसाळच्या जेट्टीवर उतरून पलीकडचा चढ चढणे फार त्रासाचे होते.

इशारा: उन्हात घाम येणे थांबले, अंगावर शहारे आले किंवा बोलणे असंबद्ध होऊ लागले तर तो थकवा नव्हे, उष्माघाताची सुरुवात असू शकते. ताबडतोब सावलीत थांबावे, अंग ओले करून वारा घालावा आणि पुढचा प्रवास वाहनाने करून डॉक्टर गाठावा.

५. चढ चढण्याची पद्धत

सड्यावर जाणारा चढ लांबीने फार नसतो. १५० मीटर उंची ८ टक्के चढाने गाठायची तर अंतर जेमतेम दोन किलोमीटर होते, आणि ताशी आठ किलोमीटरने ते पंधरा मिनिटांत संपते. अडचण अशी की दिवसात असे पाच-सहा चढ येतात आणि पहिल्या दोनांवर जोर खर्च करणाऱ्याकडे शेवटच्यासाठी काही उरत नाही.

चढ सुरू होण्याआधी, पेडल हलके फिरत असतानाच, गिअर कमी करावा. जोर लागलेला असताना पुढची मोठी चकती सोडून लहानवर येण्याचा प्रयत्न केल्यास चेन पडते. हा क्रम विशेषतः खाडीकाठच्या वळणानंतर उपयोगी पडतो, कारण तेथे उतार संपताच चढ उभा राहतो आणि सायकलस्वार जड गिअरमध्येच अडकतो. उतार संपता संपताच दोन-तीन गिअर खाली यावेत.

चढावर बसूनच चालवावे, श्वास सांभाळावा आणि सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावावा. वाक्य तुटू लागले तर वेग अधिक आहे असे समजावे. उभे राहून चालवणे फक्त तीव्र वळणापुरते ठेवावे. उतरून सायकल ढकलण्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या मते दोनशे मीटर चालण्याने पाठ आणि गुडघे मोकळे होतात आणि तो वेळ पुढे भरून निघतो.

६. उतार

चढापेक्षा उतारावर अधिक लक्ष द्यावे लागते. येथील उतार वळणाचे, अरुंद आणि झाडीतून जाणारे असल्यामुळे समोरचे दिसत नाही, आणि वळणावर जांभ्याची बारीक खडी, वाळलेली पाने किंवा बसलेली गुरे असू शकतात. सागरी महामार्गाचे किंवा पुलाचे काम चालू असेल तिथे डांबर अचानक संपून सुटी खडी लागते.

वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडलेले असावेत. दोन्ही ब्रेक वापरावेत. मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून शरीर थोडे मागे घ्यावे आणि ब्रेक झटक्याने न दाबता वाढत्या जोराने दाबावा. रिम ब्रेक सतत घासत ठेवला तर रिम तापते. त्याऐवजी काही सेकंद ठाम दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. हात हँडलच्या खालच्या भागात ठेवावेत, म्हणजे बोटांना जोर मिळतो आणि खड्ड्यात हात सुटत नाही.

एसटी बस किंवा मोठी गाडी समोरून आली तर बहुतेक जण घाईने डांबराच्या खाली उतरतात आणि तिथे पडतात, कारण डांबराची कड जमिनीपासून बोटभर ते वीतभर उंच असते. उतरायचे असेल तर आधी वेग जवळजवळ शून्य करावा. परत वर येताना कडेला समांतर न चालता तिला तिरका छेद द्यावा, अन्यथा पुढचे चाक कडेला घासून सायकल आडवी होते.

तपासणी: प्रत्येक मोठ्या उताराच्या आधी दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहावेत, पिशव्यांचे पट्टे ओढून पाहावेत आणि बाटली घट्ट बसली आहे ना ते पाहावे. याला अर्धे मिनिट लागते.

७. जेट्टी आणि फेरीबोट

या मार्गावर चार फेऱ्या आहेत: राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या खाडीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड. एखादी फेरी चुकली तर केवळ थोडा वेळ वाया जातो असे नाही. दाभोळहून गुहागरला फेरीशिवाय जायचे तर खेड-चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकाला किंवा थेट जेट्टीवर फोन करून दुसऱ्या दिवशीच्या फेरीची वेळ आणि फेरी चालू असल्याची खात्री करून घ्यावी. जेट्टी दिवसाच्या पूर्वार्धात येईल अशीच आखणी ठेवावी.

क्रम असा ठेवावा. जेट्टीच्या उतारावर सायकलवरून उतरावे. तिकिटासाठी सुटे पैसे तयार ठेवावेत, कारण खाडीकाठी मोबाइलवरून पैसे देणे नेहमी साधत नाही. बोटीतून येणारी वाहने पूर्ण उतरू द्यावीत आणि कर्मचाऱ्याने खूण केल्यावरच आत जावे. बोटीत सायकल गाड्यांना न टेकवता कठड्याला उभी करावी आणि पट्ट्याने बांधावी. पलीकडे पोहोचल्यावर मोटारी आधी जाऊ द्याव्यात. घाईने पहिले उतरणारा सायकलस्वार लगेच लागणाऱ्या चढावर त्याच मोटारींच्या पुढे अडकतो; पाच मिनिटे थांबल्यास संपूर्ण चढ रिकामा मिळतो.

इशारा: ओहोटीच्या वेळी जेट्टीचा खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो आणि बोटीत चढण्या-उतरण्याचा लोखंडी फाळका ओला असतो. तळाला पेडलमध्ये अडकणारा खिळा असलेले सायकलिंगचे बूट त्यावर अजिबात पकड देत नाहीत. माझा एक सहप्रवासी अशाच फाळक्यावर घसरला, मनगट मोडले आणि त्याचा प्रवास तिथेच संपला. त्यानंतर मी पिशवीच्या वरच्या कप्प्यात रबरी तळाच्या चपला ठेवतो आणि जेट्टीच्या आधीच बूट बदलतो.

८. संध्याकाळची देखभाल

सायकल पुळणीवर नेऊ नये. ओल्या वाळूवर चालवताना काढलेली छायाचित्रे सुंदर येतात, परंतु खारी वाळू चेनमध्ये, डिरेलरच्या चाकांत आणि बेअरिंगमध्ये शिरते आणि दोन दिवसांत गिअर अडखळू लागतात. वाळूवर जायचेच असेल तर सायकल मुक्कामी ठेवून चालत जावे.

मुक्कामी पोहोचल्यावर स्वतः आंघोळीला जाण्याआधी सायकल पाहावी. गोड्या पाण्याने, बादली-तांब्याने हलके धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये घुसते. चेन जुन्या फडक्याने कोरडी पुसावी, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा, पेडल उलटे फिरवून दहा मिनिटे थांबावे आणि वरचे सर्व तेल पुन्हा पुसून टाकावे. बाहेर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते. तेल रिमला किंवा डिस्कला लागू देऊ नये. शेवटी टायरवरून बोट न फिरवता नजर फिरवावी आणि रुतलेली काच किंवा काटा टोकदार वस्तूने काढावा.

पॅड असलेली चड्डी अंतर्वस्त्राविना घालावी आणि रोज धुतलेलीच घालावी. दमट हवेत ती रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन जोड आवश्यक आहेत.

९. रत्नागिरीहून परत

गणपतीपुळे ते रत्नागिरी हा टप्पा छोटा ठेवल्याने सकाळी लवकर रेल्वे स्थानक गाठता येते. रेल्वेने सायकल नेण्यासाठी पार्सल कार्यालयात नोंदणी करावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. कोणत्या गाडीने सायकल जाईल हे प्रवासाच्या आधीच विचारून ठेवावे, कारण प्रत्येक गाडीत सामानाच्या डब्यात जागा मिळतेच असे नाही. गाडीच्या वेळेआधी किमान तीन तास पोहोचावे.

देण्याआधी पेडल काढावीत, हँडल फिरवून चौकटीला समांतर बांधावे, मागचा डिरेलर पुठ्ठ्याने झाकावा आणि चौकटीवर पुठ्ठा किंवा फोम गुंडाळावा. पंप, दिवे, बाटल्या आणि सायकलवरील संगणक काढून स्वतःजवळ ठेवावेत. नाव, फोन क्रमांक आणि उतरण्याचे स्थानक लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधावी, आणि पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे.

तपासणी: सायकल ताब्यात घेताना स्थानकावरच मागचे चाक फिरवून पाहावे. चाक सरळ फिरते का, हँगर आत वाकला आहे का आणि ब्रेक घासतो का, हे बघितल्याशिवाय पावतीवर सही करू नये. वाकलेल्या हँगरवर सर्वांत हलका गिअर टाकल्यास डिरेलर स्पोकमध्ये अडकतो, म्हणून शंका असल्यास घरापर्यंत सायकल चालवत न नेता ढकलत किंवा टेम्पोने न्यावी.